गारा वितळायच्या आत

आधी हात जोडून माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला अजून उमगलेलं नाही. अक्षर तर पावसात सापडलेल्या कोंबड्यांसारखं, जिकडं वाट मिळेल तिकडं पळतं. आमचा पोस्टमन एकदा पाकीट परत घेऊन आला आणि म्हणाला, "वहिनी, हे गावाचं नाव हाय का माणसाचं?" पण त्याच अक्षरातली पाकिटं दरसाल पार वर, डोंगरातल्या बर्फात जाऊन पोचली आहेत. तेवढ्याच धीरावर लिहायला बसले. कागदसुद्धा धंद्यातलाच आहे. फोटोची जुनी पाकिटं शिल्लक होती, ती उसवून त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. दिवाळी अंकाला द्यायचं की नाही ते लेक ठरवील. मी आपलं लिहून ठेवते.

मुरुमकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं फोटोचं दुकान. दुकान आमच्या ह्यांचं. मी लग्न होऊन आले तेव्हा आतल्या भिंतीवर एक मोठा रंगवलेला पडदा होता. सोलापूरच्या एका पेंटरकडून ह्यांनी तो करून घेतला होता. त्यावर बर्फाचे तीन डोंगर, सुरूची झाडं, एक लाकडी घर, घराच्या धुराड्यातून वर जाणारा धूर आणि पुढं एक निळीजर्द नदी. पेंटरनं बर्फ बघितला नव्हता, ह्यांनीही बघितला नव्हता, आणि फोटो काढायला येणाऱ्यांपैकी कोणीच बघितला नव्हता. त्यामुळं त्यात चूक काढणारंही कोणी नव्हतं.

लोकांना त्या पडद्याचं फार वेड. नवी जोडपी मुद्दाम यायची. ह्यांनी एक लाल स्वेटर आणि एक कानटोपी दुकानात ठेवली होती. भर वैशाखात, बाहेर रस्त्यावरचं डांबर पातळ झालेलं, आणि आत नवरदेव स्वेटर घालून दिव्यांपुढं घामानं निथळतो आहे, असं चालायचं. आजही आसपासच्या कितीतरी घरांत भिंतीवर तो एकच लाल स्वेटर वेगवेगळ्या माणसांच्या अंगात दिसतो. एका शेतकऱ्याला त्याच्या बैलाबरोबर बर्फात फोटो हवा होता. बैल दुकानात मावेना, म्हणून ह्यांनी पडदाच बाहेर नेऊन लिंबाला बांधला. बैलानं आधी डोंगराकडं बघितलं, मग मान खाली घालून नदी चाटली. तेवढ्या जागेचा निळा रंग गेला तो गेलाच. नदी तिथं कायमची आटली.

मी लाजाळू. गिऱ्हाईक आलं की आतल्या खोलीत पळायचे. ती खोली म्हणजे फोटो धुवायची अंधारखोली, लाल दिव्याची. ह्यांनी मला तिथलं काम शिकवलं आणि मला ते फार आवडलं, कारण तिथं कोणी बोलत नाही. ट्रेमधल्या पाण्यात कोरा कागद सोडायचा आणि हलकेच हलवत राहायचं. आधी केस यायचे, मग मिशा, मग डोळ्यांची बुबुळं. जे काळं ते आधी. हळूहळू गाल, हात, साडीची घडी. मागचा बर्फ मात्र कधी यायचाच नाही. बर्फ म्हणजे कागदाचा कोरा राहिलेला भाग, हे मला तिथं कळलं. लाल उजेडात तो कोरा भाग बघत बसलं की वाटायचं, आपण त्यात चालत गेलो तर पावलं उमटतील का. एखादा फोटो त्या नादात जास्त काळा व्हायचा आणि बाहेरून हे विचारायचे, "शालन, गेलीस का काय बर्फात?"

भूकंपानंतर सास्तूरकडची माणसं आमच्याकडं यायची. घरं गेलेली, घरातली माणसं गेलेली, आणि भिंतीवरचे फोटोही भिंतीखाली गेलेले. ह्यांच्याकडं जुन्या निगेटिव्ह होत्या. त्या डब्यांतून शोधून शोधून आम्ही फोटो काढून दिले. बर्फाच्या पडद्यापुढं लाल स्वेटर घालून हसणारी माणसं त्यांच्या घरचे छातीशी धरून घेऊन जायचे. ते हसू ज्यांचं होतं त्यांना आता त्याचा काही उपयोग नव्हता. मी दाराआडून बघत होते.

गयामावशी आली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तेव्हा फोटो रंगीत झाले होते, घरी धुवायचं काम बंद पडून अंधारखोलीत पाण्याचा माठ आणि मोडक्या खुर्च्या आल्या होत्या. बुटकी, काटक बाई. नवरा लवकर गेलेला. ओढ्याकडंला थोडं रान, एक म्हैस आणि एकच मुलगा, मिलिंद. त्याला मिलिट्रीत नोकरी लागली होती आणि वर कुठंतरी बर्फात ठेवलं होतं. ती भीमजयंतीच्या दिवशी आली, निळ्या काठाचं नवं पांढरं लुगडं नेसून. दारात उभी राहून म्हणाली, "तुमच्याकडं बरफाचा पडदा हाय म्हनं. माझं पोरगं बरफात हाय. मला तिथं उभी करा."

हे म्हणाले, "करतो की. मावशी, ते स्वेटर घाला, थंडी वाजंल."

"नगं. लुगडं झाकतंय. लुगडंच तर दावायचंय त्याला."

ह्यांनी कॅमेरा उचलला आणि ती अशी हसली, की मी आतून बाहेर आले. मिश्रीनं काळे झालेले सगळे दात दाखवून, डोळे बारीक करून. जणू समोरून कोणी ओळखीचं येत होतं.

मग ते दरसालचं झालं. जयंतीला मिरवणूक निघायच्या आधी गयामावशी यायची, बर्फात उभी राहायची, हसायची. फोटो पाकिटात घालून पत्ता मी लिहायची. मिलिंदनं धाडलेल्या चिठ्ठीवरून एकेक अक्षर बघून बघून. तिचा फोन बटणांचा, त्यावर फोटो जात नव्हता. गेला असता तरी तिला तो कागदाचाच हवा होता. "हातात धराया पायजे," म्हणायची.

मग एका सकाळी ह्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं. बोलणं राहिलं, जरा जडावलेलं, पण टोमणे पहिल्यासारखेच धारदार. कॅमेरा उचलायला घरात मीच होते. मला वाटलं होतं, लोकांसमोर उभं राहून मी मरून जाईन. पण या धंद्यात एक सुख आहे. कॅमेरा डोळ्याला लावला की लोक तुमच्याकडं बघत नाहीत, कॅमेऱ्याकडं बघतात. मी त्याच्यामागं लपले आणि अजून तिथंच आहे. 'हसा' म्हणायलासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही. मग हे खुर्चीवरून ओरडायचे, "ती हसा म्हणतीया हो!" आणि लोक आपोआप हसायचे.

ह्यांनी मला एक गोष्ट शिकवली, ती आज तुम्हालाही सांगते. समोर सगळं पांढरं असलं की कॅमेरा दिपतो. आपण उन्हात डोळे बारीक करतो तसे तो करतो, आणि पांढऱ्याचा फोटो मळकट, राखेसारखा येतो. तेव्हा त्याला थोडं दामटायचं, 'उघड, अजून उघड' म्हणायचं. मग पांढरं पांढरं राहतं. "पण जास्त उघडलंस तर सगळं कोरं," हे म्हणायचे. "पांढऱ्याच्या पोटातलं बी दिसलं पायजे." ह्यांचं हे बोलणं मी पांढऱ्या लुगड्यांपुरतं वापरत होते. आमच्याकडं दुसरं पांढरं काय असणार?

ते फाल्गुनात दिसलं.

दुपारपासून आभाळ निळसर काळं होऊन खाली आलं होतं. आधी वारं, मग पत्र्यावर एकेक टपका, आणि मग तेरखेड्यात फटाक्यांच्या गोदामाला काडी लागावी तसा आवाज. मी ह्यांची खुर्ची आत ओढली आणि दोघं कानांवर हात धरून बसलो. म्हणजे मी माझ्या एका कानावर एक आणि ह्यांच्या एका कानावर एक. किती वेळ गेला ठाऊक नाही. थांबलं तेव्हा इतकं शांत झालं, की लिंबाच्या झाडावरून गळणारा थेंब ऐकू येत होता.

दार उघडलं तर रस्ता नव्हता. सगळं पांढरं. रस्ता, कुंपण, समोरचं रान, पार ओढ्यापर्यंत. तुटलेल्या लिंबाच्या पाल्याचा कडू, ओला वास. आणि त्या पांढऱ्यातून वाफ निघत होती, जमीन श्वास सोडत असल्यासारखी, गुडघ्याएवढी, हळूहळू सरकणारी. पश्चिमेकडं ढगाला फट पडली होती आणि तिथून आलेला उजेड त्या वाफेत शिरून पिवळा झाला होता. मला माझी लाल खोली आठवली. हे दारातून बघत होते. म्हणाले, "च्यायला. पेंटरनं वाफ न्हाय काढली की गं."

मला ते सुंदर वाटलं. वाटायला नको होतं. समोर लोकांची ज्वारी आडवी झाली होती, हरभरा जमिनीत गेला होता. तरी वाटलं, काय करू?

तेवढ्यात तलाठी भाऊसाहेबांचा फोन. "ताई, कॅमेरा घेऊन निघा. गारा वितळायच्या आत फोटो पाहिजेत. मोबाईलवर लोक काढताहेत, पण पाटी वाचता येईना."

ही पाटीची पद्धत सांगते. नुकसानीचा फोटो काढताना शेतकऱ्यानं आपल्या रानात उभं राहायचं आणि छातीशी शाळेतली पाटी धरायची. पाटीवर खडूनं नाव आणि गट नंबर. फोटोचे पैसे ज्याचे त्यानं जागेवरच द्यायचे. मागं पडलेलं पीक दिसलं पाहिजे, पुढं माणसाचं तोंड दिसलं पाहिजे. त्या फोटोत काय करायचं हे कोणाला सांगावं लागत नाही. माणसं सरळ उभी राहतात, गुन्हा केल्यासारखी.

मी चपलांनी गारा चिरडत निघाले. पायांखाली साखर मोडावी तसा आवाज. बांधाबांधावर माणसं पाट्या घेऊन उभी होती. मी फोटो काढायची, पुढं जायची. कॅमेऱ्याला 'उघड, अजून उघड' करत होते. गार हवेनं बोटं बधिर झाली होती आणि मला असं वाटत होतं, की मी चालत नाहीच, त्या वाफेबरोबर सरकते आहे.

ओढ्याकडंला गयामावशी तिच्या रानात उभी होती. डोक्यावर पोतं पांघरलेलं, रोजचंच विटकं लुगडं. हातात पाटी. मी म्हणाले, "मावशी, उभ्या राहा." तिनं पोतं टाकलं, पदर नीट केला. उजेड बरोबर तिच्या तोंडावर आला होता. मागं पांढरं, वाफ, त्याच्यावर पिवळं आभाळ. मी उजेड बघितला, पाटी बघितली, बटण दाबलं. उजेड जात होता, पुढं माणसं थांबली होती. मी पळाले.

रात्रीपर्यंत सगळ्या गारांचं पाणी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब दुकानात आले. कॉम्प्युटरवर एकेक फोटो बघत होते आणि मान हलवत होते. गयामावशीचा फोटो आला आणि मान थांबली.

"ताई, हे काय?"

मी बघितलं. गयामावशी पाटी धरून हसत होती. मिश्रीचे सगळे दात दिसत होते.

हे खुर्चीवरून म्हणाले, "बाई नुकसानीत उभी हाय का लग्नात?"

"हा फोटो जायचा नाही," भाऊसाहेब म्हणाले. ते माणूस म्हणून चांगले होते, त्यांना वाईट वाटत होतं. "वर फाईल बघणारे विचारतील, हिचं नुकसान झालं असतं तर ही हसली असती का? हिला मदत मिळायची ती राहून जाईल. फाईल आज तालुक्याला जाणार. चला, दुसरा काढू."

आम्ही दोघं तिच्या रानात गेलो. पांढरं काही उरलं नव्हतं. काळा चिखल आणि त्यात झोपलेली ज्वारी. गयामावशी ओच्यात कणसं वेचत होती. मी कॅमेरा वर केला. ती लगेच सरळ झाली आणि हसली.

"मावशी," भाऊसाहेब म्हणाले, "जरा गंभीर व्हा."

"गंभीर म्हंजी कसं? तूच करून दाव."

भाऊसाहेबांनी तोंड पाडून दाखवलं. ती आणखीनच हसली. "आरं, हे तर दात दुखल्यागत झालं."

मी कॅमेरा खाली केला की तिचं तोंड उतरायचं. वर केला की हसू यायचं. दिव्याचं बटण असावं तसं. भाऊसाहेब घड्याळ बघायला लागले. मला वाटलं, ह्यांनी आणि मी मिळून हिला ही सवय लावली. आता ती सवय हिचं वर्षाचं पीक खाणार. मदत नाही मिळाली तर पुढची पेरणी ही कशावर करणार? म्हैस विकावी लागणार.

तेव्हा मी कॅमेरा डोळ्यालाच ठेवून विचारलं, "मावशी, मिलिंदला कळवलं का हो?"

तिचं तोंड कसं बदललं ते मी सांगणार नाही. मी बटण दाबलं. फोटो पाहिजे तसा आला. भाऊसाहेब म्हणाले, "बास, झालं."

गयामावशी माझ्याकडं बघत राहिली, कॅमेऱ्याकडं नाही, माझ्याकडं. म्हणाली, "त्याला न्हाय सांगायचं. फोनवर म्या सगळं बरं हाय म्हनले. वर बरफात घोर लागला की पाय घसरतो मानसाचा." आणि पुन्हा वाकून कणसं वेचायला लागली.

धंद्यात एवढी वर्षं मी लोकांना हसवत आले. रडवून फोटो काढला तो हा एकच.

आमच्या ह्यांचा नियम होता, की ज्या कामासाठी फोटो काढला त्या कामाला तो आला नाही, तर पैसे परत द्यायचे. मी हसऱ्या फोटोचे पैसे घेऊन तिच्या घरी गेले. मला वाटलं होतं, ती म्हणेल, ठेव गं, एवढ्याला काय होतंय. तिनं हात पुढं केला, नोटा घेतल्या, पानसुपारीच्या चंचीत घातल्या आणि "चहा घेतीस का?" असंही विचारलं नाही. मी रस्ताभर चुळबुळत आले. नोटा परत दिल्या होत्या, पण काहीतरी माझ्याकडंच राहिलं होतं.

मग जयंती आली. निळे झेंडे लागले. सकाळपासून मी पडद्याची धूळ झटकून, दिवे पुसून बसले. बायका आल्या, पोरं आली, कपाळाला निळा टिळा लावून फोटो काढून गेली. मिरवणूक आमच्या दारावरून वाजत गेली. गयामावशी त्या मिरवणुकीत होती, पांढरं लुगडं नेसून. तिनं दुकानाकडं बघितलं नाही.

"येईल उद्या," हे म्हणाले. उद्याही आली नाही, परवाही नाही.

मला मिलिंदची काळजी वाटायला लागली. दरसाल त्याला पाकीट जातं. औंदा गेलं नाही, तर तो काय समजेल? आई आजारी आहे, की फोनवर काही लपवते आहे? तिथं बर्फात बसून माणसाच्या मनात काय काय येत असेल. आणि पाकीट न जायला कारण मी. पैसे परत देऊन टाकलेला तो हसरा फोटो दुकानात टेबलावर पडून होता. ह्यांनी तो डाव्या हातानं पुढं ओढला, बराच वेळ बघितला.

"शालन, पांढरं झकास आलंय गं. मला बी असं आलं नसतं."

एवढ्या वर्षांत ते माझ्या कामाला पहिल्यांदा चांगलं म्हणाले. मी इतकी सुखावले, की पुढं ते जे म्हणाले ते मला बरोबरच वाटलं. "खालची पाटी काप आन् दे धाडून. पोरगं म्हणंल, नवा पडदा आणला."

मी खांद्याखालचा भाग कापला. पाटी गेली. उरलं ते हसणारं तोंड आणि मागं पांढरं. पाकिटावर पत्ता लिहिला आणि ते पोस्टात टाकलं. गयामावशीला विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं.

मृगाच्या आधी एक मोटारसायकल दुकानापुढं थांबली. पुढं एक उन्हानं, वाऱ्यानं काळा पडलेला तरुण. मागं गयामावशी. मी सवयीनं आत जायला वळले, पण हे मोठ्यानं म्हणाले, "ये, ये, मिलिंद! बस." मग मला थांबावंच लागलं.

"जय भीम, काका. जय भीम, काकू. फोटो पोचला."

गयामावशी बाकावर बसली नाही. "तू धाडलास व्हय गं?"

"व्हय, मावशी."

"म्या नगं म्हनले व्हते न? तिथं त्यानं जेवान सोडलं. साहेबाच्या मागं लागून, रजा काढून पळत आलं."

मी म्हणाले, "मला वाटलं, त्याला नवा पडदा वाटंल."

मिलिंद हसायला लागला. अगदी आईसारखं, डोळे बारीक करून. "काकू, तुमच्या पडद्याला मी वळखत न्हाय व्हय? त्या जुन्या फोटोत डोंगराच्या बाजूला टेबलफॅन दिसतो. आमच्यातली पोरं मला चिडवायची, तुमच्याकडं बर्फात पंखा लावतेत का म्हणून." मग त्यानं खिशातून माझा फोटो काढला. कोपरे दुमडले होते. "ह्यात वाफ हाय. पडद्याला वाफ येत नसती. आन् हे बघा."

त्यानं आईच्या खांद्यापाशी बोट ठेवलं. पांढऱ्याच्या आत, अगदी फिकट, मोडलेली ज्वारीची ताटं दिसत होती. मी बेतानं 'उघड, अजून उघड' करून जे पांढऱ्याच्या पोटातलं दाखवलं होतं, ते. मला तेव्हा अभिमान वाटला होता. ती ज्वारी आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"तिथं बर्फ पडला की आमी खूश असतो, दिसायला लई चांगला," मिलिंद म्हणाला. "पण आपल्या रानात पांढरं म्हंजी गाराच. फोटो बघितला आन् कळलं, आपलं रान गेलं. आन् आई फोनवर सगळं बरं म्हणती, फोटोत हसतीया. मला वाटलं, आईला काय झालं का काय?" तो आईकडं वळला. "आई, तू मला फोनवर सांगितलं असतंस तर मी एवढा घाबरलो नसतो."

मग मीच विचारलं. त्या दिवसापासून मला ते विचारायचं होतं. "मावशी, तुमी त्या दिवशी हसला कशापाई हो? एवढं सगळं गेलेलं, आन् हातात पाटी."

ती माझ्याकडं असं बघायला लागली, जणू मी काहीतरी अगदी खुळ्यासारखं विचारलं होतं.

"मला काय म्हाईत कचेरीला कसलं तोंड लागतंय? माझा फोटू आजवर दुसऱ्या कुनी बघितला हाय व्हय? तू ते डबडं डोळ्याला लावलंस की मला वाटतंय, मिलिंद बघतुया. मग त्याच्याम्होरं रडकं तोंड कसं करू?"

ह्यांनी मान दुसरीकडं फिरवली. लकव्यानं त्यांचा एक डोळा तसाही गळायचा.

"मग जयंतीला का न्हाय आलात?"

"औंदा हसू येईना," ती म्हणाली. "तू इचारलंस तवा आतलं कायतरी सुटलं बग. हसू यायाचं न्हाय तर फोटू कशाला? म्हनून न्हाय आले."

मी तिचे पाय धरायला वाकले, तर तिनं मला दंडाला धरून उभं केलं. "आता रडू नगंस. मदत आली, उशिरा आली, थोडकी आली, पन आली. तुझ्या त्या दुसऱ्या फोटूनंच आली. पन त्यो तुझ्या कापूटरात हाय का अजून?"

"हाय."

"मग पूस."

मी तिच्यासमोर कॉम्प्युटर उघडला. तो चेहरा मी पुन्हा बघितला नाही, नुसता नंबर बघितला आणि पुसून टाकला. तालुक्याच्या कुठल्यातरी फाईलमध्ये एक प्रत असेल, तिला माझा इलाज नाही.

मग गयामावशी बर्फाच्या पडद्याकडं गेली आणि आटलेल्या नदीवर बोट फिरवत उभी राहिली. मिलिंद तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. ह्यांनी लाल स्वेटर पुढं केला तर तो म्हणाला, "काका, रजेवर तरी स्वेटर नका घालायला लावू." मी कॅमेरा उचलला. मी विसरले, की आज ज्याच्यासाठी हसायचं तो शेजारीच उभा आहे. ती कॅमेऱ्याकडं बघेचना. मान वर करून त्याच्याकडंच बघत राहिली. तसाच फोटो काढला. त्यात तिचं तोंड अर्धंच दिसतं, पण त्या फोटोचे पैसे मी कोणाला परत करणार नाही.

जाताना तिनं चंची सोडली. सुपारी, तंबाखू, आणि तळाशी घडी घातलेल्या नोटा. मी त्या नोटा ओळखल्या. एकीच्या कोपऱ्याला आमच्या दुकानातल्या डिंकाचा डाग होता. फाल्गुनात मी दिल्या होत्या त्याच. तिनं त्या खर्चल्याच नव्हत्या.

"घे. त्यो फोटू खराब न्हवता."

"मावशी, राहू द्या."

"राहू द्या कसं? ज्याला जायाचा त्याला पोचला न्हवं? मग पैशे घ्यायाचे."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मान हलवली. मी हात पुढं केला. नोटांना तंबाखूचा वास येत होता. मोटारसायकल सुरू झाली, तेव्हा मी दारात जाऊन, माझ्या मानानं चांगल्या मोठ्या आवाजात, म्हणाले, "मावशी, सगळे पोचले बरं का. काय बाकी न्हाय." आणि आत येऊन त्या नोटा गल्ल्यात टाकल्या.